गायरानातली खुर्ची

ज्या गावाचा मी आयुष्यात सगळ्यात जास्त प्रचार केला, ते गाव मी अजून पाहिलेलं नाही. ते बेल्जियममध्ये आहे, उत्तरेकडच्या फ्लेमिश बोलणाऱ्या मुलखात, एका संथ नदीच्या काठी. तिथल्या सरकारने सत्तरच्या दशकात छोट्या नगरपालिका मोडून मोठ्यांत मिसळल्या, त्यात या गावाचाही घास शेजारच्या शहराने घेतला. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शहराच्या बाबूंनी ते पाट्यांवरून पुसलं, गावकऱ्यांनी ते परत रंगवलं. त्या दोघांच्या भांडणात माझ्या शाईची गरज नाही.

प्रचार केला तो कुवेतमध्ये. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत, देखभालीचं काम घेणाऱ्या एका कंत्राटदाराच्या वर्कशॉपमध्ये. आणि तो प्रचार मी जिंकलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याआधीचा माझा सगळा प्रचार हरलेला होता.

लातूरकडच्या माझ्या गावात मी गायरान वाचवायला पत्रकं काढायचो. पत्रकं चांगली असायची. लोक वाचायचे, मान डोलवायचे, कागद घडी घालून खिशात ठेवायचे. गायरान गेलं. आज तिथे एका पुढाऱ्याचं गोदाम आहे आणि गुरं रस्त्याच्या कडेला चरतात. गोदामाच्या उद्घाटनाला मान डोलवणारे सगळे जेवायला गेले होते. मी गेलो नाही. आई म्हणाली, "आता जरा पोटाचं बघ." म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी टाइमकीपर होऊन कुवेतला आलो. कोण कामावर आलं, कोण रजेवर गेलं, कुणाची पाळी कुणी केली, हे बघायचं काम. राहायला रिग्गई नावाच्या वस्तीत, कोकणातल्या कामगारांच्या खोलीत.

त्या खोलीचे दोन कारभारी होते. चाचा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे मुसलमान, फिटर लोकांचे फोरमन. तात्या मालवणकडचे, क्रेनला बोजा बांधणाऱ्या रिगरांचे मुकादम. दोघं एकाच वर्षी आलेले, एकाच स्टोव्हवर मासे तळणारे आणि मिठावरून रोज भांडणारे. मी त्यांच्यात एकटा घाटावरचा. माझ्या आईने पाठवलेली जवसाची चटणी सोडली तर माझ्याकडे त्यांना आवडण्यासारखं काही नव्हतं, आणि चटणीही त्यांना आवडत नव्हती.

ती आवडली साहेबाला. साहेब म्हणजे व्हॉल्व्ह तपासणारा बेल्जियन इंजिनिअर, पन्नाशी उलटलेला, उंच, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. तो जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपच्या दारात उभ्यानेच पाव खायचा. एकदा त्याने माझ्या डब्यात डोकावून विचारलं, हे काय आहे. मला जवसाला इंग्रजीत काय म्हणतात ते येत नव्हतं. मी एक न कुटलेला दाणा शोधून त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो बोटांत फिरवला, वास घेतला आणि जमिनीवर पसरलेल्या पुठ्ठ्यावर माझ्या शेजारी मांडी घालायचा प्रयत्न केला. मांडी जमली नाही. पाय लांब पसरून तो म्हणाला, "तुम्ही हे खाता?"

"रोज."

"आमच्या गावाने हे तीनशे-चारशे वर्षं नदीत कुजवलं."

तिथून ते गाव आमच्या खोलीत शिरलं. साहेब दर शुक्रवारी रिग्गईला यायला लागला. माशाचं कालवण खुबूसशी, म्हणजे तिथल्या रोटीशी, खायचा, घाम पुसायचा आणि गावाचं सांगायचा. त्याचं इंग्रजी त्याच्या गावचं, माझं माझ्या गावचं. म्हणून आम्हाला एकमेकांचं नीट कळायचं.

त्याच्या गावाचं सगळं पूर्वायुष्य जवसावर. आपण दाणा खातो, त्यांनी झाडाचं खोड धरलं. जवसाच्या पेंढ्या नदीत बुडवून कुजवायच्या, वाळवायच्या, झोडपून त्यातून धागा काढायचा आणि त्याचं लिनन विणायचं. लिनन नेसायचे शहरातले लोक. कुजण्याचा वास मात्र गावाचा. खालच्या अंगाला असलेलं शहर पिढ्यान्‌पिढ्या तक्रार करत राहिलं की तुमच्या नदीने आम्हाला मळमळतं. गावाचं उत्तर ठरलेलं होतं: मग अंगातले सदरे काढून द्या. हे ऐकलं तेव्हा मी साहेबाच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.

महायुद्धात शत्रूचे शिपाई गावोगावच्या चर्चमधल्या घंटा तोफा ओतायला उतरवून नेत होते. या लोकांनी आपली घंटा आधीच उतरवली आणि कुजत्या जवसाच्या डबक्यात, पेंढ्यांच्या खाली बुडवली. शिपाई आले, काठावर उभे राहिले, नाकाला रुमाल लावून परत गेले. त्या वासात हात घालायची कुणाची तयारी नव्हती. घंटा वाचली. पण तोफगोळ्याने चर्चच्या मनोऱ्याचं टोक उडालं. युद्धानंतर ते परत बांधायला पैसा आला, तर गावाने सभा घेऊन तो नदीचा बांध दुरुस्त करायला वापरला, कारण बांध फुटला तर गायरान बुडणार होतं. मनोरा आजही बिनटोकाचा आहे. शहराचे लोक त्यांना 'बोडके' म्हणून चिडवतात. गावाने आपल्या बँडच्या मोठ्या ढोलावर तोच शब्द ठळक रंगवून घेतला.

"गाव कसलं, आमचंच गाव म्हणायचं," चाचा म्हणाले. "फक्त थंड."

नंतर गिरण्या बंद पडल्या, जवस गेलं आणि गावातली पोरं पाइप जोडायला परमुलखात पांगली. साहेब त्यांतलाच. म्हणजे हा गोरा आणि आमचे तात्या एकाच वाटेने कुवेतला आले होते. फरक एवढाच की त्याला गाडी मिळाली आणि तात्यांना बस.

पण मला त्या गावाचं खरं वेड लागलं ते खुर्च्यांमुळे. गावात नगरपालिका होती तेव्हा सभागृहात सरकारी खुर्ची नव्हती. प्रत्येक सभासदाने आपल्या घरून खुर्ची आणायची आणि मुदत संपली की उचलून न्यायची. विलीनीकरण झालं त्या दिवशी शहराचे अधिकारी ताबा घ्यायला आले, तेव्हा शेवटचा महापौर आपली खुर्ची डोक्यावर घेऊन बाहेर पडला. त्याच्या मागे बाकीचे. अधिकाऱ्यांना रिकामी खोली मिळाली. तिथे आता दातांचा दवाखाना आहे. खुर्चीला चिकटलेले पुढारी मी भरपूर पाहिलेत. घरच्या खुर्चीवर बसून कारभार करणारा एकही पाहिला नव्हता.

त्या खुर्च्या गेल्या कुठे, तर गायरानात. कारण गायरान नगरपालिकेचं नव्हतंच. ते गावातल्या जुन्या घरांचं, सामाईक. त्यामुळे शहराला ते गिळता आलं नाही. त्याची राखण करायची रीत एकच: सप्टेंबरातल्या जत्रेच्या रविवारी प्रत्येक जुन्या घरातल्या माणसाने आपली खुर्ची घेऊन गायरानात यायचं आणि दुपारी बाराची घंटा होईपर्यंत बसायचं. बस. भाषण नाही, हार नाही. शेजाऱ्याने तुमची खुर्ची आणलेली चालत नाही. आणि लागोपाठ तीन वर्षं ज्या घराची खुर्ची आली नाही, त्या घराचा हक्क कायमचा संपला.

हे सांगताना साहेब माशाचा काटा काढण्यात फार वेळ घालवायला लागला, तेव्हा मी विचारलं, "तुमची खुर्ची कोण नेतं?"

"आई नेत होती. ती गेली. आता घरात मीच."

"मग गेल्या वर्षी?"

"इथेच होतो. त्याआधीही."

सप्टेंबरात रिफायनरीचं मोठं शटडाऊन असायचं. युनिट थंड करून सगळे व्हॉल्व्ह उघडायचे, तपासायचे, परत बसवायचे. त्या दिवसांत इंजिनिअरला रजा नाही, हा मॅनेजरचा नियम. आणि हे तिसरं वर्ष होतं.

वर आणखी एक गोष्ट होती. शहराला गायरानावर ट्रकतळ करायचा होता. त्याचा निकाल याच रविवारी, जुन्या रीतीने लागणार होता: ज्याला विकायचंय त्याने खुर्चीवरून उठायचं, ज्याला राखायचंय त्याने बसून राहायचं. बरोबरी झाली तर शहराची सरशी. शहराचा दलाल घरोघर कॉफी पीत फिरत होता आणि पारडं अगदी काठावर आलं होतं.

साहेब मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तुला खुर्चीत बसायला रजा पाहिजे?" ही गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या वर्कशॉपमध्ये पसरली आणि लोक पोट धरून हसले. आपले लोकही हसले, याचा मला संताप आला. जे लोक मखरात पाट मांडायला समुद्र ओलांडून जातात, पालखीला खांदा द्यायचा मान आपल्या घराण्याचा म्हणून कोर्टात जातात, ते एका माणसाच्या खुर्चीला हसतात?

मी जे येत होतं ते केलं. पत्रक काढलं. वर मथळा: 'गायरान त्याचं, प्रश्न आपला'. खाली मॅनेजरला चार प्रश्न, मराठीत आणि इंग्रजीत. सकाळी मेसच्या दारावर चिकटवलं. चहाच्या सुट्टीच्या आत चाचांनी ते काढलं आणि घडी घालून माझ्या हातात दिलं.

"हे काय लावलंस?"

"सत्य लावलंय."

"सत्य खोलीत लाव. हा रत्नागिरीचा चौक नाय. तुझा इकामा रद्द होईल, राहायचा परवाना जाईल, मग घाल प्रश्न विमानात."

"मग गप्प बसायचं? गावाकडे सगळे गप्प बसले म्हणूनच गेलं ना गायरान."

"गप्प बस कोण म्हणतंय? तू टाइमकीपर आहेस ना रे बाबा? गणपतीला तात्याची माणसं घरी जातात तेव्हा इथे क्रेनला बोजा कोण बांधतं?"

"तुमची माणसं."

"आणि ईदला?"

"त्यांची."

"मॅनेजर कधी नाय म्हणाला?"

नव्हता म्हणाला. ती आमच्या वर्कशॉपची अदलाबदल होती. गणपतीत हिंदू गावी गेले की त्यांच्या पाळ्या चाचांचे लोक करायचे. ईदला चाचांचे लोक गेले की तात्यांचे. कुणाची पाळी कुणाकडे गेली ते मी नोंदवायचो आणि मॅनेजर सही करायचा, कारण काम एक दिवसही अडत नव्हतं. ही सोय मी रोज हाताळत होतो आणि ती इंजिनिअरला लावता येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चाचांच्याही नव्हतं, त्यांना फक्त दाखवायचं होतं की पत्रकाशिवायही काम होतं. पण त्यांनी ईद म्हटलं आणि मी उडालो.

"साहेबाला अदलाबदलीत घ्यायचं," मी म्हटलं.

"साहेब लोक त्यात नसतात," चाचा म्हणाले.

"तसा नियम कुठे आहे?"

चाचांनी तात्यांकडे बघितलं. तात्या तंबाखू मळत होते. "आमच्या गावात पालखीचो मान चुकलो तर भाऊ भावाशी बोलणा नाय," ते म्हणाले. "तेका जावकच व्हया. पण तेचे व्हॉल्व्ह मी तपासू? फुटलो तर तुम्ही सगळे उडतलास."

अडचण तीच होती. व्हॉल्व्हवर सही फक्त इंजिनिअरची चालायची आणि तसा दुसरा इंजिनिअर एकच होता: पुण्याचा, साल्मियात बायको-मुलासह राहणारा, आमच्याशी हिंदीत बोलणारा. मराठी माणसाशी हिंदीत. यावरही माझं एक पत्रक लिहून तयार होतं. त्याने त्याच दिवसांत घरच्या गणपतीसाठी सकाळची पाळी लावून घेतली होती, संध्याकाळी आरतीला घरी पोचता यावं म्हणून. आम्हाला त्याच्या त्याच संध्याकाळी हव्या होत्या.

चाचा मला एकट्याला पाठवायला तयार नव्हते. "हा तिथे भाषण करेल," म्हणून ते स्वतः आले. आम्ही दोघं सोफ्याच्या कडेवर बसलो. मुलगा कार्पेटवर गाडी फिरवत होता. मी त्याला विचारलं, "गाव कुठलं रे तुझं?" तो गाडी न थांबवता म्हणाला, "साल्मिया, ब्लॉक टेन."

साहेबाची गोष्ट मी पहिल्यापासून सांगितली. डबक्यातली घंटा, बोडका मनोरा, डोक्यावर खुर्ची घेतलेला महापौर. इंजिनिअर ऐकून घेऊन म्हणाले, मराठीत म्हणाले, "हे बघा, गोष्ट छान आहे. पण दुसऱ्याच्या गावच्या भानगडीसाठी मी दुप्पट पाळी का करायची? घरी गणपती आहे माझ्या."

"तुमच्या घरी गणपती आहे म्हणूनच आलोय," मी म्हटलं. "नसता तर तुम्हाला हे कळलंच नसतं."

चाचांनी माझ्या पायावर पाय दिला.

तोवर त्यांची बायको चहाचा ट्रे हातात घेऊन दारात उभी होती. ती आम्हाला नाही, नवऱ्यालाच म्हणाली, "अहो, तीन वर्षं झाली की हक्क कायमचा जातो?"

"तसं म्हणतायत हे."

"आणि आपण पुण्याला गणपतीत गेलो त्याला किती झाली?"

इंजिनिअर बोटांवर वर्षं मोजायला लागले.

"तुम्ही तिकडे व्हॉल्व्ह बघा," ती म्हणाली. "गणपती मी बसवते. पूजा सांगायची कॅसेट आहे, मला वाचता येतं, आणि मोदक तर तसेही मीच करते."

"तू बसवणार?"

"का, तो माझ्या हातून बसणार नाही?"

चाचा खाली बघून हसले. इंजिनिअरनाही हसावं लागलं. मग त्यांनी अट घातली की पुढच्या गणपतीत साहेबाने त्यांच्या पाळ्या करायच्या आणि ते सहकुटुंब पुण्याला जाणार. साहेबाने ती दुसऱ्या दिवशी ऐकायच्या आतच मान्य केली.

मॅनेजरपुढे मी पत्रक नेलं नाही. दोन्ही इंजिनिअरच्या सह्यांची एक साधी ओळ नेली: पाळी बदलली आहे, काम अडणार नाही. मॅनेजरने ती वाचली, माझ्याकडे बघितलं.

"हे खुर्चीसाठी?"

"क्रेनसाठी करता तेच, सर."

त्याने पेन उघडलं. नाही म्हणायचं तर गणपतीची आणि ईदची अदलाबदलही मोडायला लागली असती, आणि मग शटडाऊन त्याला एकट्याला करावं लागलं असतं. त्याने सही केली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी मागणी आणि पहिली मान्य झालेली.

गावी जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आमच्या खोलीची शिस्त. साहेबाच्या बॅगेत चाचांनी खजूर कोंबले, तात्यांनी आमसुलं, इंजिनिअरच्या बायकोने शंकरपाळे. मी जवसाची चटणी दिली आणि सांगितलं की गावाला चाखवा, निदान कळू द्या की खोडाबरोबर दाणाही कामाचा होता. विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा त्याने बॅगेतून आपले बूट काढून आमच्याकडे दिले आणि पायातल्या चपलांवरच गेला.

जत्रेचा रविवार कुवेतमध्ये कामाचा दिवस. तिथले बारा म्हणजे आमचा एक, जेवणाची सुट्टी. रोज आम्ही पुठ्ठे पसरून जेवायचो. त्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर तात्या एका उलट्या बादलीवर बसलेले, चाचा व्हॉल्व्हच्या खोक्यावर, बाकीचे मिळेल त्या ड्रमवर, फळीवर. मी विचारलं, हे काय. तात्या म्हणाले, "बस मरे. एक वाजेपर्यंत कोणी उठाचा नाय." पुण्याचे इंजिनिअर हेल्मेट काखेत मारून आले, जागा शोधत राहिले. चाचांनी खोक्यावर सरकून त्यांना अर्धं दिलं. दोघं एकाच खोक्यावर, पाठीला पाठ लावून बसले. मॅनेजर दारावरून गेला, थांबला, आत बघितलं आणि पुढे गेला.

एकाच्या ठोक्याला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे आधी कुणी बोललंच नाही. नुसती घंटा ऐकू आली, भरड, खोल, जराशी बसकी. डबक्यातून निघालेली. मी रिसीव्हर वर धरला आणि सगळे भोवती गोळा झाले. मग साहेबाचा आवाज आला, "गायरान राहिलं."

तपशील तो परत आला तेव्हा कळला. दलालाने त्याचं नाव आधीच उठणाऱ्या-बसणाऱ्यांतून वजा करून टाकलं होतं. साहेब चपला घालून, खुर्ची खांद्यावर घेऊन गायरानात शिरला तेव्हा लोक माना वळवून बघत राहिले. त्याच्या शेजारचा म्हातारा शेतकरी विकायच्या बाजूचा. पुकारा झाला, तो उठायला म्हणून पुढे वाकला, साहेबाच्या पायातल्या चपलांकडे बघितलं आणि विचारलं, "कुठून आलास?"

"कुवेतहून."

"नुसता बसायला?"

"नुसता बसायला."

म्हातारा मागे टेकला आणि म्हणाला, "हा तिथून येतो आणि मी कुंपणापलीकडे राहून उठू?" त्या दोन खुर्च्यांनी बाजी पलटली. ट्रकतळ झाला नाही. दलालाची कॉफी फुकट गेली.

चटणीचं काय झालं, मी विचारलं. गावाने ती पावाला लोण्यावर लावून खाल्ली आणि पाणी पाणी केलं, पण डबा रिकामा झाला. त्या डब्यात साहेबाने गायरानाच्या कडेला आजही आपोआप उगवणारं जवस भरून आणलं होतं. मी ते आईला पाठवलं. तिने निम्मं कुटलं आणि निम्मं आमच्या परसात पेरलं, आणि कळवलं की फूल तसंच निळं येतं.

माझं गायरान गेलं ते गेलंच, त्याचा राग मी सोडलेला नाही. पण आता मला माहीत आहे की गायरान राखता येतं, आणि ते राखण्यात मी होतो. त्या शुक्रवारी साहेब नेहमीप्रमाणे रिग्गईला आला, दारात चपला काढल्या. तात्यांनी आतून स्टोव्हपाशीच उभं राहून हाक मारली. इतकी वर्षं ते त्याला साहेब म्हणत होते.

"इलास? ये गाववाल्या, बस," ते म्हणाले, आणि त्याला बसायला बादली उलटी केली.